कोहाचा जुना सर्व्हर हलवताना

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर चालतं. सर्व्हर म्हणजे काउंटरमागे टेबलाखाली ठेवलेला साधा डेस्कटॉप, त्यावर जुनं डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, नवीन मशीन आलं आणि "सगळं इकडचं तिकडे नेऊन द्या" म्हणून काम माझ्याकडे आलं. मूळ बसवणारे केव्हाच सोडून गेलेले. हातात रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, पासवर्डची चिठ्ठी, बाकी कागद शून्य.

तरी फारशी धाकधूक नव्हती, कारण डेबियन एफएचएस पाळतं. फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड, म्हणजे कुठली फाइल कुठल्या फोल्डरात ठेवायची याचा नियम. १९९४ साली तो वेगळ्या नावाने सुरू झाला, त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ची. फाइल कुठल्या प्रोग्रामची आहे याला तो फारसं महत्त्व देत नाही. त्याचे प्रश्न दोनच: ही फाइल काम चालू असताना बदलते का, आणि दुसऱ्या मशीनला जशीच्या तशी देता येईल का? यूएसआर, एटसी आणि व्हार हे त्यातले मुख्य फोल्डर. यूएसआरमधलं सामान, म्हणजे प्रोग्राम, बदलत नाही आणि कुठेही चालतं. एटसीमधली कॉन्फिगरेशनही सहसा बदलत नाहीत, पण ती याच मशीनची. व्हारमध्ये रोजची उलाढाल.

जुन्या मशीनवर मी फाइली शोधत बसलोच नाही. /एटसी/कोहा/साइट्समध्ये ग्रंथालयाच्या नावाचा फोल्डर आणि त्यात कॉन्फिगरेशन, /व्हार/लिब/कोहामध्ये शोधासाठीचा इंडेक्स, /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस, /व्हार/लॉग/कोहामध्ये लॉग, म्हणजे कामकाजाच्या नोंदी. सगळं जिथल्या तिथे. यूएसआरकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. तो भाग नव्या मशीनवर पॅकेजमधून, म्हणजे प्रोग्रामच्या तयार गठ्ठ्यातून, नवा येणारच होता.

ग्रंथपाल मॅडम शेजारी बसून बघत होत्या. "हे सगळं 'कोहा' नावाच्या एकाच फोल्डरात का नाही ठेवत? शोधायला सोपं ना?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "मॅडम, एखाद्या लेखकाची पुस्तकं तुम्ही तरी एकाच कपाटात कुठे ठेवता? त्याचा कोश संदर्भ विभागात, कादंबरी देवघेवीत." त्या हसल्या. "हो, कोश जागचा हलत नाही, कादंबरीवर रोज शिक्के पडतात." व्हार वेगळं का, हे मला याहून सोपं सांगता आलं नसतं. शिवाय लॉग फुगून डिस्क भरण्याची भीती असेल तर व्हारला स्वतंत्र पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, देता येतं; एकत्र फोल्डरात ती सोय राहत नाही.

अर्थात सगळीच मांडणी अशी विचारपूर्वक झालेली नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये युनिक्सची (लिनक्सची ही पूर्वज प्रणाली) पहिली डिस्क भरली, म्हणून प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या फाइलींशेजारी सरकवले. तिचं नाव यूएसआर. ती अडचण मिटून जमाना झाला, पण प्रोग्रामांची 'बिन' आणि 'यूएसआर-बिन' अशी दोन घरं कित्येक वर्षं तशीच राहिली. डेबियन १२मध्ये /बिन ही नुसती /यूएसआर/बिनकडे नेणारी लिंक आहे. जुन्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला /बिन/बॅश हा स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता त्यामुळेच अजून चालतो.

मग 'कोहा-डंप' ही कोहाची बॅकअप घेणारी आज्ञा चालवली. डेटाबेसची एक फाइल आणि एटसी व व्हार-लिबमधल्या फोल्डरांची दुसरी, दोन्ही /व्हार/स्पूल/कोहामध्ये आल्या. नव्या मशीनवर पॅकेज बसवून 'कोहा-रिस्टोअर', इंडेक्स पुन्हा बांधला. पुस्तकं दिसली, सभासद दिसले.

मी पेनड्राइव्ह गुंडाळणार तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "बारकोडच्या पट्ट्या कशा छापायच्या?"

कोहाच्या कुठल्याच फोल्डरात त्याचा मागमूस नव्हता. शेवटी एटसीमधल्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालायच्या कामांच्या यादीत, एक ओळ सापडली, तिने फाइलसिस्टिमच्या थेट मुळाशीच असलेल्या /लेबल नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवलं. पूर्वीच्या कंत्राटदाराने आपली स्क्रिप्ट, तिच्यातच लिहिलेला डेटाबेसचा पासवर्ड आणि आजवर छापलेल्या सगळ्या पीडीएफ तिथे एकत्र कोंबल्या होत्या. कोहा-डंप तिथे जाणार नाही, पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ता नाही. डिस्क त्या आठवड्यात गेली असती तर बारकोडही गेले असते, आणि का गेले हे कुणालाच कळलं नसतं. राग आला तो त्या ढिगाऱ्याचा नाही. हाताने बसवलेल्या गोष्टींसाठी /यूएसआर/लोकल ही जागा मुद्दाम राखून ठेवलेली असताना तिच्याकडे बघितलंही नाही, याचा.

मी त्याची फोड केली. स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/बिनमध्ये. पासवर्ड बाहेर काढून एटसीतल्या छोट्या फाइलीत, फक्त रूटला वाचता येईल अशी परवानगी देऊन. पीडीएफ /एसआरव्हीमध्ये, म्हणजे मशीन इतरांना जे पुरवतं त्या सामानाच्या फोल्डरात. तात्पुरत्या फाइली स्क्रिप्ट आता /टेम्पमध्ये टाकते, त्या राहिल्या काय आणि गेल्या काय.

रात्रीचा बॅकअपही मग थोडक्यात आटपला: कोहा-डंपच्या फाइली, एटसी, /यूएसआर/लोकल, एसआरव्ही आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी. हे सगळं बाहेरच्या डिस्कवर जातं, आणि ती डिस्क मॅडम रोज सकाळी कपाटात कुलुपात ठेवतात.