आकडी आणि काठी

रविवार, रात्री

उपासनेहून घरी आले आणि ओली छत्री उघडून ठेवायचंही भान राहिलं नाही. दुपारचा घास गोड लागला नाही. सकाळी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जे झालं ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमचे नवे पाळकसाहेब मे महिन्यात बदलून आले. बिदरकडचे, मातृभाषा कन्नड, वय तिशीच्या आसपास. मराठी समजतं, बोलतातही, पण चाचपडत. आज त्यांनी बायबलातलं तेविसावं स्तोत्र घेतलं होतं. त्याच्या चौथ्या वचनात मेंढपाळाची आकडी आणि काठी येते. काठी त्यांनी नीट सांगितली. आकडीपाशी आले आणि म्हणाले, आकडी म्हणजे माणसाला झटके येतात ती. देवही कधीकधी आपल्याला असा झटका देऊन भानावर आणतो. मागच्या बाकांवर आधी खुसखुस झाली, मग पोरं उघड हसली, आणि शेवटी मोठ्यांनीही तोंडाला रुमाल लावले. पाळकसाहेब थांबले. हातातल्या कागदाकडे बघितलं. कुठं चुकलं ते त्यांना कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मीसुद्धा नाही. दुसऱ्याच बाकावर बसले होते मी, चौतीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेली बाई.

आशीर्वचन झाल्यावर ते नेहमीसारखे दारात उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घेत होते. कान लाल झाले होते.

सगळे गेल्यावर फुलं काढायला मी आत गेले, तर उपदेशाचे कागद तिथंच राहिलेले. कन्नड मला वाचता येतं. इकडं बेळगावात शाळेत नोकरी केलेल्याला ते यावंच लागतं. कागदावर अक्षरं कन्नड होती आणि भाषा मराठी. अख्खा उपदेश त्यांनी मराठीत रचून कन्नड लिपीत उतरवला होता. आणि कित्येक शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीचा ठिपका. आधी मला उमगेना. मग ओठांनी वाचून बघितलं तेव्हा ध्यानात आलं. 'चाक'मधल्या चखाली ठिपका होता, 'चहा'मधल्या चखाली नव्हता. 'जग'खाली होता, 'जय'खाली नव्हता. आपण जन्मापासून न शिकता बोलतो तो फरक हा माणूस रात्री बसून एकेका अक्षराखाली खुणा करत शिकत होता.

आणि मी जूनमध्ये त्यांच्याविरुद्धच्या पत्रावर सही केली आहे. 'आमच्या मंडळीला मराठी मातृभाषेचा पाळक मिळावा.' माझी सही चौथी.

सोमवार

मराठीचा आग्रह मला आहे, तो सोडणार नाही. एक नोव्हेंबरला वडील दंडाला काळी फीत बांधून घराबाहेर पडायचे ते मी लहानपणापासून बघत आले. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा आमचं गाव आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, हे दुःख आमच्या घरात भाकरीसारखं रोजचं होतं. शाळेतून, कचेरीतून मराठी हटत गेली तेव्हा ती देवळात, भजनात आणि आमच्या उपासनेत टिकून राहिली. म्हणून उपासनेतली मराठी डळमळली की काळजात लक्क होतं. पत्रावर सही केली ती या भीतीपोटी, कुणाच्या द्वेषापोटी नाही.

पण आज दिवसभर दुसरंही आठवत राहिलं. बेळगावात लंडन मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम 1820 साली जोसेफ टेलर यांनी सुरू केलं, आणि ते आले होते बळ्ळारीहून, म्हणजे कन्नड मुलखातूनच. ज्या मिशनच्या शाळेत मराठी मुलं शिकली त्यातच 1831 साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी होते. 1854 साली त्यांचा बाप्तिस्मा इथंच झाला, आणि तीनच वर्षांनी त्यांनी विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठी कादंबरीची सुरुवात त्या पुस्तकापासून धरतात. शाळेत मुलांना हे सांगताना माझा ऊर भरून यायचा. बेळगावच्या मराठी ख्रिस्ती माणसानं मराठीला एवढं दिलं! पण त्या माणसाला घडवणाऱ्यांत परक्या भाषेतून येऊन, चुकत चुकत मराठी शिकलेली माणसं होती, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. त्यांच्या चुकांना कोण कोण हसलं असेल? आणि कुणी बसून शिकवलं असेल?

1904 साली लंडन मिशननं इथलं काम मेथडिस्टांच्या, म्हणजे दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, हाती दिलं. तेव्हाही नवे लोक, नव्या रीती आल्या आणि कुरबूर झालीच असणार. मंडळी तरीही उभी राहिली.

मंगळवार

कमिटीची सभा. दोन तास प्रोजेक्टरवर गेले. तरुणांना पडद्यावर गीतं हवीत, इंग्रजी उपासना हवी. वडीलधाऱ्यांना पेटी-तबला हवा. पाळकसाहेब कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तरुणांचं सगळंच चूक आहे असं नाही. माझा मुलगा पुण्याला, सून मूळची बंगळूरची. त्यांची लेक फोनवर इंग्रजीतून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते. सून रविवारी सकाळी स्वयंपाक करता करता कोरियातल्या कुठल्याशा मंडळीची उपासना लावून ठेवते. उपदेश उत्तम असतो, मी ऐकलाय. 1910 साली जगातले सुमारे दोन-तृतीयांश ख्रिस्ती युरोपात राहत होते. शंभर वर्षांनी ते प्रमाण चौथाईच्या आसपास आलं. आता वचन चहूकडून येतं, आफ्रिकेतून, ब्राझीलमधून, कोरियातून, आणि थेट चुलीपाशी येतं. मग आमच्या गल्लीतल्या पाळकाचं काम काय उरलं? त्याच्यापेक्षा चांगलं बोलणारे हजार लोक फोनमध्ये बसलेत.

त्याच 1910 साली एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली होती. तिथं आपल्याकडचे व्ही. एस. अझरय्या उभे राहिले. पुढं 1912 साली तेलंगणातल्या दोर्णकलचे बिशप झाले ते. गोऱ्या मिशनऱ्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही गरिबांसाठी धन दिलंत, देह झिजवलेत, पण आम्हाला प्रेमही हवंय. आम्हाला मित्र द्या. हे मी संडेस्कूलमध्ये किती वेळा शिकवलं असेल. शिकवताना नेहमी वाटायचं की हे त्या गोऱ्यांना उद्देशून आहे.

आज कोपऱ्यातल्या त्या वहीकडं बघताना ते मला ऐकू आलं. आम्ही पाळकसाहेबांना पगार दिला, क्वार्टर्स दिली, पावसाआधी कौलं शाकारून दिली. जेवायला मात्र एकदाही बोलावलं नाही.

गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

जांबोटीच्या वाटेवर, रस्त्यापासून आत, एका गावात आमच्या मंडळीची तीन घरं आहेत. त्यातल्या एका घरातल्या आजी महिनाभर अंथरुणाला खिळल्यात. सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला, "बाई, मी आजीला भेटायला जातोय. तुम्ही याल का बरोबर? माझी मराठी त्यांना कळेल न कळेल." मी होय म्हणाले. मंडळीतल्या एकाची जुनी ओम्नी घेतली. पिरनवाडी, किणये मागं पडलं आणि पावसानं असा जोर धरला की पुढचं दिसेना. दोन्ही अंगांना रोपलावण चाललेली, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन बायका वाकलेल्या.

निघण्याआधी पाळकसाहेबांनी त्या घरी दोनदा फोन करून विचारलं होतं, आम्ही आलो तर चालेल ना, शेजारपाजारी काही अडचण नाही ना. डिसेंबर 2021 मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते इथल्याच सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून घरातल्या साध्या प्रार्थनेलाही चार लोक जमायचे म्हटलं की मनात धाकधूक असते. पूर्वीचे पाळक सायकलवरून कुणाच्याही दारात उतरायचे. आता आजारी माणसाला भेटायलाही विचार करून जावं लागतं. हे ओझं तरुण पाळकांच्या वाट्याला आलं, आम्हाला त्याची कल्पनाही नाही.

आजींनी डोळे उघडले. मी ओळख करून दिली. त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "लांबनं आलासा, खरं जेवल्याबिगर जाऊ नकासा." पाळकसाहेब खाली सारवलेल्या जमिनीवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

आजींचा नातू दोहाला हॉटेलात कामाला आहे. त्याला प्रार्थनेत सामील व्हायचं होतं. व्हिडिओ कॉल लागला, पण आत रेंज नाही. खिडकीच्या गजांपाशी धरला तरच चेहरा दिसे. पाळकसाहेब उठले, एका हातानं फोन खिडकीशी धरला आणि दुसऱ्या हातात शास्त्र. तेच स्तोत्र वाचलं, तेविसावं. पागोळ्यांचं पाणी वाऱ्यानं आत येत होतं, त्यांची बाही कोपरापर्यंत भिजली. वाचून झालं तरी पलीकडं नातू रडत होता, म्हणून त्यांनी हात खाली घेतला नाही. हात थरथरायला लागला तेव्हा कोपर भिंतीला टेकवलं. मी फोन घ्यायला पुढं झाले तर मानेनंच नको म्हणाले. आजी नुसत्या बघत होत्या, फोनकडं नाही, त्या भिजलेल्या हाताकडं. च आणि ज कुठं चुकले ते मला एकदाही ऐकू आलं नाही.

निघताना गोठ्यापाशी आजींचा मुलगा शेरडांना पाला घालत होता. पावसात शेरडं रानात सोडता येत नाहीत, मग पाला तोडून आणावा लागतो. त्याच्या हातात लांब कळक होता आणि टोकाला वाकडं पातं बांधलेलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "हे काय ओ?"

"आकडी की ओ साहेब. फांदी वर असली की हिनं वडायची. शेरडांची मान तितकी पोचत न्हाई."

पाळकसाहेब तिथंच उभे राहिले. माझ्याकडं वळून बघितलं. मला मान वर करवेना. मग त्यांनी विचारलं, "मी धरू का?" त्यानं हसत हातात दिली. त्यांनी अंगणातल्या फणसाच्या फांदीला ती अडकवली आणि बेतानं खाली ओढली. ओली फांदी वाकली, अंगावर पाण्याची सर कोसळली, आणि दोन शेरडं दाव्याला ओढ देत पुढं आली. शेरडांचं खाऊन होईस्तोवर ते फांदी धरून उभे होते. फणसाचं पान शेरडं कसं खातात ते मी या वयात पहिल्यांदा नीट बघितलं, शेंड्याकडून देठाकडं, हलवत हलवत.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कुणी बोललं नाही. किणयेजवळ ते कन्नडमध्ये म्हणाले, "बाई, रविवारी मी देवाला झटके देणारा केलं. कुणीतरी मला थांबवायला हवं होतं." तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

शनिवार, संध्याकाळ

दुपारी सेक्रेटरींच्या घरी जाऊन आले. पत्रावरची माझी सही मागं घेतली, तसं लिहूनही दिलं. ते नाराज झाले. म्हणाले, "बाई, तुम्हीच असं केलंत तर मराठीचं कसं व्हायचं?" मी म्हटलं, मराठी मी शिकवीन. आयुष्यभर तेच केलंय.

पाच वाजता पाळकसाहेब आमच्या व्हरांड्यात आले, उद्याचा उपदेश घेऊन. मीच बोलावलं होतं, जेवायलाच या म्हणून. चहा ठेवला आणि आधी पत्राचं सांगून टाकलं, सही कितवी होती तेही. त्यांनी कप खाली ठेवला. "मला माहीत होतं, बाई. वरून मला जूनमध्येच दाखवलं होतं."

म्हणजे गुरुवारी सकाळी मला बरोबर न्यायला फोन केला तेव्हाही माहीत होतं.

मला काही बोलता येईना. लाईट गेले होते, बाहेर पाऊस होता. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवले, खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, इथं 'चरणे' आहे आणि खाली 'चरण'. ठिपका कुणाला द्यायचा?"