पर्ड्यूत राहून ब्रॅकेट भरताना

मार्च 2023. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात माझं पीएचडीचं पहिलं वर्ष. बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण लॅबमध्ये ब्रॅकेट, म्हणजे स्पर्धेच्या सगळ्या निकालांच्या अंदाजांचा तक्ता, भरण्यातून कुणाची सुटका नसते. तळाला राहील त्याने सगळ्यांना पिझ्झा द्यायचा.

एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, या बास्केटबॉल स्पर्धेत 68 कॉलेज संघ असतात. रविवारी संध्याकाळी यादी जाहीर होते आणि गुरुवारी दुपारच्या आत 63 सामन्यांचे निकाल आधीच लिहून द्यायचे. (68 चे 64 करणारे, डेटन शहरातले सुरुवातीचे चार सामने आम्ही धरत नाही.) चार विभाग, प्रत्येकात 1 ते 16 मानांकनं, पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. एकदा हरलं की खेळ खलास.

रविवारची रात्र संघांची आकडेवारी चाळण्यात गेली. खरी गंमत मात्र गुणांच्या पद्धतीत होती. पहिल्या फेरीतल्या बरोबर अंदाजाला 1 गुण, मग दर फेरीला दुप्पट, विजेत्याला 32. म्हणजे पहिल्या फेरीचे सगळे 32 सामने अचूक सांगा, नाहीतर एकटा विजेता सांगा, सारखंच! म्हणून मी उलटीकडून भरायला घेतलं: आधी विजेता, मग शेवटचे चार, बाकीचे नंतर.

लॅबमधल्या बहुतेकांचा विजेता अर्थातच पर्ड्यू. पहिलं मानांकन, त्यात 7 फूट 4 इंचांचा झॅक ईडी. पण सगळ्यांनी लिहिलेला संघ जिंकून मी पुढे कसा जाणार? मी ह्यूस्टन लिहिलं. ‘पाचव्याला बारावा हरवतोच, एक तरी टाक,’ या एका सीनियरच्या आग्रहाखातर मायामीविरुद्ध ड्रेकही टाकलं.

17 मार्चला फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 असं हरवलं. सरासरी उंचीत देशातला सर्वांत बुटका संघ! स्वतःच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेचा, अंतिम सामनाही ते हरले होते; जिंकलेलं मेरिमॅक खालच्या श्रेणीतून (डिव्हिजन टू) नुकतंच वर आल्यामुळे अपात्र, म्हणून यांना जागा मिळालेली. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवायची ही दुसरीच वेळ. सोमवारी लॅबमध्ये सगळे सुतकी चेहरे.

त्या वर्षी चारही बारावे हरले. ड्रेकला हरवणाऱ्या मायामीनेच पुढे ह्यूस्टनलाही 89-75 असं गारद केलं. स्पर्धा जिंकली यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ), आणि विजेता म्हणून ते नाव आमच्यापैकी एकाच्याही ब्रॅकेटमध्ये नव्हतं. त्यामुळे पिझ्झा कोण देणार हे शेवटी पहिल्या फेरीतल्या चिल्लर गुणांवर ठरलं.

2024 मध्ये मी पुन्हा तोच हिशेब केला आणि यूकॉन लिहिलं. या वेळी पर्ड्यू थेट अंतिम सामन्यात पोचलं, समोर यूकॉनच. 75-60 ने हरलं. माझा पहिला नंबर आला, पण कित्येक दिवस लॅबमधलं कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं.