राष्ट्रगीत न गाणारी तीन मुले

केरळमधील ‘यहोवाचे साक्षीदार’ या छोट्या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी इतरांसारखीच अदबीने उभी राहत, फक्त गात नसत. आपल्या देवाच्या प्रार्थनेखेरीज अन्य विधीत भाग घेणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. १९८५ मध्ये एका आमदारांना हे खटकले, विधानसभेत प्रश्न आला आणि चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने मुलांच्या वागण्यात अनादर नसल्याचे सांगितले, तरीही (सरकारी खाक्याच तो!) शिक्षण खात्याच्या सूचनेवरून त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही.

११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी ही हकालपट्टी रद्द केली. राष्ट्रगीत गायलाच हवे असे कोणताही कायदा सांगत नाही, आणि खात्याच्या परिपत्रकांच्या जोरावर संविधानाच्या अनुच्छेद १९ व २५ मधील (अनुक्रमे अभिव्यक्तीच्या आणि धर्माच्या) स्वातंत्र्याला कात्री लावता येत नाही, असे त्यांनी ठरवले. मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो असा की, ती श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का हे न्यायालयाने पाहिले नाही. ती मनापासून बाळगलेली आहे का, एवढेच पाहिले.