त्याच्या जागी दुसरा कुणी

डेट्रॉइटजवळ राहायला गेलो तेव्हा बेसबॉल मला विटी-दांडूचा श्रीमंत चुलतभाऊ वाटायचा. मग २०१२चा अख्खा उन्हाळा शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या रेडिओसमोर गेला.

आजोबा डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचे, म्हणजे त्यातल्या मिगेल काब्रेराचे. त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू मात्र फितूर. त्याचा जीव कॅलिफोर्नियातल्या एंजल्सच्या माइक ट्राउटवर. विशीतलं हे पोरगं एप्रिल संपता संपता संघात आलं आणि धुमाकूळ घालू लागलं. हंगामात एकेका संघाचे १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोजच सामना आणि रोजच या दोघांची जुंपलेली.

नातवाचं हत्यार ‘वॉर’. हा खेळाडू नसता, त्याच्या जागी खालच्या लीगमधून सहज मिळणारा कुणी उभा केला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, याचा हा हिशेब. फटके, चोरलेले बेस (म्हणजे फटक्याविनाच पळून गाठलेले धावेच्या वाटेवरचे टप्पे), क्षेत्ररक्षण, सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं. ट्राउटचा आकडा दहाच्या वर, काब्रेराचा सातच्या आसपास.

“खेळ डोळ्यांनी बघायचा असतो, कॅल्क्युलेटरने नाही,” आजोबा म्हणायचे. आणि हंगाम संपला तेव्हा हेच आजोबा जपमाळ ओढावी तसे म्हणत होते: सरासरी .३३०, होमरन ४४, फटक्यांवर मिळवून दिलेल्या धावा १३९. तिन्हींत लीगमध्ये पहिला! असा ‘ट्रिपल क्राउन’ १९६७ मध्ये कार्ल यास्ट्रेमस्कीने मिळवला, त्यानंतर कुणालाच नाही. म्हणजे आकडे त्यांनाही हवेच होते, फक्त लहानपणी पाठ झालेले. (पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या माझ्या आजोबांचाही कॅल्क्युलेटरवर असाच राग होता.)

“पण त्या १३९ मध्ये, आधीच बेसवर जाऊन उभे राहिलेल्यांचं काहीच श्रेय नाही?” नातू विचारायचा. मला पटायचं. पण बिअर आजोबांची, म्हणून मी गप्प.

या आकडेमोडीचा एक धागा क्रिकेटमधून आलेला. हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्रज, अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. एकोणिसाव्या शतकात त्याने बेसबॉललाही धावफलकाची शिस्त लावली. हे आजोबांना सांगितलं, तर मी त्यांच्या गॅरेजवरच हक्क सांगतोय असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नोव्हेंबरात ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर’चा निकाल लागला. पहिल्या पसंतीच्या २८ मतांपैकी २२ काब्रेराला, उरलेली सहा ट्राउटला. आजोबांनी खुशीत मला विचारलं, “तुमच्या त्या तेंडुलकरची सरासरी किती?”

“कसोटीत पन्नासच्या वर.”

ते खुर्चीतून उठलेच. त्यांच्याकडे दहा वेळांत तीनदा फटका जमला तरी माणूस थोर. हा निम्म्याहून जास्त वेळा मारतो? आमची सरासरी म्हणजे बाद होईपर्यंतच्या धावा, हे समजावता समजावता बिअर कोमट झाली.

नातू मात्र कागद-पेन घेऊन बसला होता. “ठीक आहे. पण त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर?”

“त्याच्या जागी दुसरा कुणी नसतोच!” मी जवळजवळ ओरडलोच.

आजोबांनी मांडीवर थाप मारली आणि आपल्या शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.