वगळलेल्यांची यादी

इंग्रजी कळफलकावरून मराठी लिहिण्यासाठी मी गेली कित्येक वर्षे एक लहानसा प्रोग्राम वापरतो. कळ दाबली की तो ती वाटेतच अडवतो आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर पुढे सोडतो. कुणा निवृत्त प्राध्यापकांनी हौसेने तयार केलेला हा प्रोग्राम एका सकाळी अँटिव्हायरसने उचलून क्वारंटाइनमध्ये टाकला, आणि माझ्या अर्धवट लेखाच्या पुढच्या ओळीत रोमन अक्षरे उमटू लागली.

राग ओसरल्यावर पहारेकऱ्याचीही बाजू पटू लागली. तो आधी फाइलीचा गणिती ठसा काढतो. एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ठसा, फाइल केवढीही असो, ६४ चिन्हांचाच भरतो, आणि आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो पार निराळा होतो. हा ठसा कुख्यातांच्या यादीत सापडला तर प्रश्न मिटला, नामांकितांच्या यादीत सापडला तरी मिटला. पंचाईत होते ती दोन्हीकडे नाव नसलेल्यांची. मग फाइलीवर निर्मात्याची डिजिटल सही आहे का, ती आली कुठून, आणखी किती संगणकांवर ती नांदते आणि चालू झाल्यावर काय उद्योग करते, अशी चौकशी सुरू होते. गावात नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्याला ‘मूळचे कुठले आपण?’ असे विचारतात, त्याच चालीवर. माझा प्रोग्राम बिनसहीचा, मोजक्या लोकांकडचा आणि वर प्रत्येक कळीला कान लावून बसणारा. पासवर्ड चोरणारेही नेमके हेच करतात.

सहीचेही फार कौतुक करण्यात अर्थ नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या, इराणच्या अणुप्रकल्पात घुसलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामच्या ड्रायव्हर फाइलींवर रिअलटेक या तैवानी कंपनीची सही होती. सही अस्सल, पण ती ज्याच्या जोरावर केली ते कंपनीचे प्रमाणपत्र चोरीचे. त्याच वर्षी २१ एप्रिलला उलटा प्रकार घडला. मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि कितीतरी कार्यालयांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले.

प्रत्येक फाइल दर वेळी तपासत बसले तर संगणकाची गोगलगाय होईल, म्हणून एकदा तपासलेली आणि तेव्हापासून न बदललेली फाइल, व्हायरसची नवी यादी येईपर्यंत, बहुधा पुन्हा उघडून पाहिली जात नाही. ही सवलत निदान कमावलेली असते. ‘एक्सक्लूजन’ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्यांची यादी मात्र निव्वळ मालकाच्या शब्दावर चालते. तिथे नाव घातलेल्या फोल्डरकडे पहारेकरी मान वळवूनही पाहत नाही, मग त्यात उद्या काहीही येऊन पडो. घुसखोरांनाही हे ठाऊक असते. प्रशासकाचे अधिकार हाती येताच आपले फोल्डर गुपचूप या यादीत घालणारे व्हायरस आहेत.

माझा प्रोग्राम सोडवण्यासाठी ती यादी उघडली, तर तिच्यात आधीच तीन नावे होती. एक केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचे, दुसरे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे आणि तिसरे म्हणजे अख्खे ‘डाउनलोड्स’. हे मीच कुठल्यातरी घाईत घातले असणार. पहिले आणि तिसरे नाव काढून तपासणी लावली, आणि टंकलेखनाच्या प्रोग्रामचे सबंध फोल्डर न घालता तेवढी एक फाइल यादीत घातली. ‘आपली खात्री आहे का?’ असे पडद्यावर विचारले गेले. त्या प्राध्यापकांना मी कधी पाहिलेलेसुद्धा नाही. ‘होय’ दाबले.