गुलमर्गला बीकन भाड्याने घेताना गेलेला अख्खा दिवस

फेब्रुवारीत आम्ही तिघं पुण्याहून गुलमर्गला बॅककंट्री स्कीइंगला (आखलेल्या उतारांबाहेरच्या मोकळ्या बर्फात) गेलो. विमान, टांगमर्गहून चाकांना बर्फाची चेन लावलेली गाडी, हॉटेल, गाइड सगळं नीट झालं, अडकलं ते बीकनपाशी (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला लागणारं, अंगावर बांधायचं सिग्नल यंत्र) आणि तो राग अजून गेला नाहीये.

गंडोला (केबल कार) अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरवर सोडतो. तिथून स्की पेट्रोलच्या (गस्ती पथकाच्या) हद्दीबाहेर गेलात आणि कुणी हिमस्खलनात गाडलं गेलं तर पहिली १०-१५ मिनिटंच हातात असतात, म्हणजे शोधणारे तुमचे सोबतीच. म्हणून प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं तिन्ही हवं.

पहिल्या दुकानात बीकन होते, फावडी नाहीत. अहो, घसरून थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो, हाताने काय खणणार? दुसरीकडे तिन्ही मिळालं, डिपॉझिट भरलं, रूमवर येऊन चालू केलं तर एकाची बॅटरी ४० टक्के, उघडलं तर आत रिचार्जेबल सेल (बहुतेक बीकनना अल्कलाइन लागतात) आणि पत्रीवर हिरवा गंज. परत गेलो तर पोरगा म्हणतो, "चलेगा भाईसाब, गाइड है ना." गाइडच गाडला गेला तर? तीनदा विचारलं. बदलून द्यायला मालक पाहिजे, मालक श्रीनगरला, चारला येणार होता तो आला सहाला, तोवर आम्ही बाहेर पाय आपटत उभे आणि दोन दिवसांच्या बर्फानंतर पडलेलं ऊन वाया. शेवटी दुसरा पीस मिळाला. रात्री गाइड म्हणाला की आज वाऱ्याने साठलेला ताजा बर्फ होता, मी तसंही तुम्हाला वर नेलं नसतं. तरी दुकानातच चालू करून बघा, तिथल्या तिथे.

सकाळी गाइडने एकेकाला समोरून चालवत बीकन तपासले. मित्राचा मोबाइल त्याच खिशात, आकडे नुसते नाचत होते. मोबाइल बंद ठेवा आणि चालताना बीकनपासून वीतभर, शोधताना हातभर लांब.

त्या दिवशी हिमस्खलनाचा धोका ५ पैकी ३ होता. तीन म्हणजे मधलं, चालतंय, असं मलाही वाटायचं, पण बरेच बळी याच पातळीला जातात. वर बर्फाचे थर तपासायला खड्डा खणला तर दीड फुटाखाली साखरेसारखा सुटा थर, वरून फावड्यावर हाताने टपल्या मारल्या आणि बाराव्या टपलीला वरचा तुकडा सरकला. गाइडने ३० अंशांवरचे सगळे उतार रद्द केले. आम्ही झाडीतून, सौम्य उतारांनी, अंतर ठेवून एकेक करत खाली आलो, आणि काय सुंदर बर्फ होता!

अल्कलाइन सेल मात्र पुण्याहूनच न्या.