कॅरॅव्हॅन दोघांची, पाहुण्यांची नाही

टू-बर्थ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर अजूनही महालक्ष्मी एक्सप्रेसचा साइड लोअरच येतो, मिरजेला चहावाला खिडकीशी ओरडतोय वगैरे. त्यामुळे इथल्या एका कॅरॅव्हॅन डीलरने पहिल्यांदा विचारलं की टू-बर्थ बघताय का फोर-बर्थ, म्हणजे दोघं झोपतील अशी का चौघं, तेव्हा मला हसूच फुटलं. नवऱ्याने मात्र एकदम गंभीर चेहऱ्याने सांगितलं, फोर. का? तर पाहुणे आले तर!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी इंग्लंडमधल्या टूरिंग कॅरॅव्हॅनबद्दल बोलतेय, म्हणजे गाडीच्या मागे अडकवून ओढत न्यायची ती पांढरी खोली. स्वतःचं इंजिन असलेली ती मोटरहोम, ती वेगळी. आम्ही लीड्सजवळ राहतो, दोन्ही मुलं बाहेर पडली, आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेले, एकजण घोरतो आणि एकाला जरा खुट्ट झालं की जाग येते (कोण कोणता ते लिहीत नाही, घरात शांतता हवी). गेल्या वर्षभरात चार-पाच जणींनी विचारलं की दोघांसाठी कुठला लेआउट घेऊ, दरवेळी फोनवर तासभर तेच सांगते, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला एनईसीमध्ये मोठा शो असतो, तिथून सुरुवात केली आणि तीच पहिली चूक. शोमध्ये सगळंच छान दिसतं हो. तिथे पाऊस नाही, चिखलाचे बूट नाहीत, कुणी आंघोळ करत नाही आणि रात्रीचे अडीच कधी वाजतच नाहीत. गुबगुबीत उश्या, एलईडी लाइट, बेडवर ट्रे आणि ट्रेमध्ये दोन वाइनचे ग्लास. संध्याकाळी घरी येताना आमचं जवळजवळ ठरलं होतं, मागे मोठा आयलंड बेड (दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा), मध्ये बाथरूम, पुढे यू आकाराचा सोफा, चार जण आरामात झोपतील अशी. म्हणजे आम्ही दोघं आणि ते दोघं, जे कोण असतील ते.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नवऱ्याने वजनाचं गणित मांडलं आणि सगळं विमान खाली आलं. इथे कॅरॅव्हॅन क्लबवाले नवख्यांना सांगतात की कॅरॅव्हॅनचं सामानासकटचं जास्तीत जास्त वजन हे आपल्या गाडीच्या कर्बवेटच्या, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा काही कायदा नाही, गाडीची स्वतःची टोइंग लिमिट (किती वजन ओढायचं ती मर्यादा) वेगळी असते आणि ती पाळावीच लागते, पण पहिल्यांदा ओढणाऱ्यासाठी हा ८५चा आकडा शहाणपणाचा आहे. आमच्या गाडीचं कर्बवेट १५०० किलो, म्हणजे १२७५ पर्यंत ठीक. आणि आम्हाला आवडलेल्या त्या आयलंड बेडवाल्या बाईसाहेब पंधराशेच्या वर! लायसन्सचा प्रश्न नव्हता, डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो, १९९७ नंतर पास झालेल्यांना जड कॅरॅव्हॅनसाठी वेगळी टेस्ट द्यावी लागायची ती गेली. पण म्हणून काय पाहुण्यांच्या गादीसाठी नवीन गाडी घ्यायची? तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, की नक्की कोण येणारे? नावं सांग. बराच वेळ विचार करून त्याने एकच नाव घेतलं, आणि तेही आमच्या एका मित्राचं, ज्याला धड हॉटेलातसुद्धा झोप येत नाही.

मग ठरवलं की आधी एक वीकेंड भाड्याने घेऊन बघू. एकाकडून मिळाली, जुनी पण स्वच्छ, फ्रेंच बेडची. फ्रेंच बेड म्हणजे मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेला डबल बेड आणि शेजारच्या कोपऱ्यात छोटंसं बाथरूम, आणि त्या बाथरूमचं दार उघडावं म्हणून बेडचा पायाकडचा एक कोपरा चक्क तिरका कापलेला. लेआउट छोट्या जागेत बसतो, वजन कमी, किंमत कमी, कागदावर झकास. नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यावर गेलो होतो, वारा असा की अख्खी खोली हलत होती. रात्री भिंतीकडे हा, बाहेरच्या बाजूला मी. अडीच वाजता याला उठायचं होतं. त्याला वाटलं मी झोपलेय, म्हणून बिचारा आवाज न करता माझ्यावरून पलीकडे जायला लागला, एक हात खिडकीच्या कडेला, एक पाय हवेत, आणि तेवढ्यात गुडघा थेट माझ्या पोटात. मी जी किंचाळले, शेजारच्या पिचवरच्या (साइटवर एकेका कॅरॅव्हॅनला दिलेली जागा म्हणजे पिच) कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. येताना पुन्हा तेच. दुसऱ्या रात्री जागा बदलल्या, तर मला पहाटे साडेपाचला चहा लागतो, मग मी त्याच्यावरून. आणि तो कापलेला कोपरा बाहेरच्या बाजूचा, तिथे झोपणाऱ्याचे पाय लोंबकळतात हे बोनस.

त्या दोन रात्रींनी जे शिकवलं ते शोच्या चाळीस कॅरॅव्हॅननी शिकवलं नव्हतं. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच की घेण्याआधी कुठलीही एक भाड्याने घ्या, वाईट लेआउटची मिळाली तर अजून उत्तम.

आता आयलंड बेड. दोन्हीकडून उतरता येतं, कुणी कुणावरून जायचं नाही, हे खरंच सुख आहे आणि ज्यांची गाडी मोठी आहे त्यांनी खुशाल घ्यावी. पण यात एक जात आहे ट्रान्सव्हर्स, म्हणजे बेड आडवा टाकलेला, उशी एका बाजूच्या भिंतीला आणि बाथरूम एकदम मागे. कॅरॅव्हॅनची रुंदी बाहेरून साधारण २.३ मीटर, आतून त्याहून कमी, त्यात सहा फुटी बेड आडवा टाकल्यावर पायाशी उरतं काय? म्हणून दिवसा गादी आत ढकलून ठेवायची आणि रात्री ओढायची, आणि ओढल्यावर बाथरूमला जाताना खेकड्यासारखं आडवं सरकायचं. डीलरकडे मी मुद्दाम बेड पूर्ण ओढायला लावला, सेल्समनला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही, आणि मग नवऱ्याला म्हटलं आता जाऊन दाखव. गेला, पण पोट आत घेऊन.

शिवाय फिक्स्ड बेडचं गणित कुणी नीट करत नाही. अर्धी कॅरॅव्हॅन चोवीस तास पलंगाने अडवायची आणि झोपायचं आठ तास. मग उरलेल्या अर्ध्यात दोघांनी दिवसभर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, आणि हे इंग्लंड आहे, बसावं लागतंच. लेक डिस्ट्रिक्टमध्ये तीन दिवस सलग पाऊस लागला की कळतं खरी किंमत सोफ्याची आहे.

मागे दोन फिक्स्ड सिंगल बेड असलेला पण लेआउट मिळतो, आमच्या वयाच्या गोऱ्या जोडप्यांमध्ये बराच चालतो. तो मला मनापासून आवडला होता, पण वजन परत वरच जात होतं. व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले तर आमच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, भांडलात का काय?" तर ते एक आहेच. वेगळ्या गादीवर झोपणं म्हणजे काहीतरी बिनसलंय असं आपल्याकडे लगेच वाटतं. घोरणाऱ्या माणसाशेजारी तीस वर्षं झोपून बघा म्हणावं, मग बोला.

शेवटी घेतली ती साधी टू-बर्थ, सेकंडहँड, एंड वॉशरूमची. पुढे खिडकीशी समोरासमोर दोन लांब सोफे, मध्ये किचन, आणि मागे पूर्ण रुंदीचं बाथरूम. भरलेलं वजन १२५० किलोच्या आत. दोन सोफ्यांच्या मधल्या लाकडी पट्ट्या ओढून, पाठीच्या उश्या जिगसॉसारख्या बसवून मोठा डबल बेड होतो, तो आम्ही पहिल्या दिवशी हौसेने केला, वीस मिनिटं लागली, सकाळी मोडायला दहा, आणि परत कधी केला नाही. एका सोफ्यावर तो, एकावर मी, मध्ये चालायला मोकळी वाट. रात्री फक्त गोधडी काढायची, सकाळी घडी करून सोफ्याखालच्या कप्प्यात. ज्याला उठायचंय तो उठतो, दुसऱ्याला पत्ता नाही. घोरणं थांबलेलं नाही, पण आता ते समोरच्या बाकावरून येतं, रेल्वेसारखं, ते कसं कोण जाणे सहन होतं.

मात्र टेप घेऊन जा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. दोन्ही सोफे दिसायला सारखे असतात पण बऱ्याच मॉडेलमध्ये एक आखूड असतो, कारण त्या बाजूला दार नाहीतर कपाट आत सरकलेलं असतं. आम्ही बघितलेल्या एकात एक सोफा सहा फूट एक इंच आणि दुसरा पाच फूट आठ. नवरा पाच फूट अकरा, मी पाच तीन, आमचं जमून गेलं असतं, पण तुम्ही दोघंही उंच असाल तर फसाल. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे पाय पाहून अंथरूण घ्यावं लागतं. आणि मोजून थांबू नका, बूट काढून दहा मिनिटं खरोखर आडवे व्हा दोघंही, एकाच वेळी. सेल्समनला बाहेर उभा राहू दे.

मागच्या बाथरूमबद्दल माझं मत इतकं पक्कं आहे की यावर मी वाद घालत नाही. ओले कोट, ओली छत्री, चिखलाची पँट सगळं मागे दाराआड लटकवायचं, हीटर लावायचा, सकाळपर्यंत वाळतं. शॉवरला वेगळी जागा, कपडे बदलायला उभं राहायला जागा. मधल्या बाथरूमवाल्यात कुणी आत असलं की पुढचं पुढे आणि मागचं मागे अडकतं. फक्त जुनी घेत असाल तर मागच्या कोपऱ्यांत ओल आहे का ते मीटरने बघून घ्या, १५ टक्क्यांपर्यंत ठीक, विशीच्या पुढे गेलं तर पैसे वाचवा आणि घरी या.

किचनचं कुणी आपल्या लोकांना सांगतच नाही, कारण ब्रोशर लिहिणाऱ्याने कधी फोडणी दिलेली नसते. या खोलीत मोहरी तडतडली की तो वास सोफ्याच्या कापडात, पडद्यात, उशीत जाऊन बसतो, आणि रात्री तुम्ही त्याच सोफ्यावर झोपणार. पहिल्याच ट्रिपला मी कांदा-लसूण मसाल्याचं पिठलं केलं, चार दिवस आम्ही पिठल्यात झोपलो. म्हणजे फिक्स्ड बेडवाल्यांचा एक मुद्दा इथे मान्य, त्यांची गादी किचनपासून लांब असते. आम्ही आता बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे कॅरॅव्हॅनला जोडलेल्या कापडी मांडवाखाली, एक शेगडी ठेवलीय, फोडणी आणि मासे तिकडे, आत फक्त कुकर, चहा आणि मऊभात. व्हिट्बीला ताजे मॅकरल मिळाले होते, आपल्या बांगड्याचे चुलतभाऊच, ते बाहेर रवा लावून तळले तर दोन पिचवरून लोक विचारायला आले. आणखी एक, साइटवर विजेचं कनेक्शन १० नाहीतर १६ अँपिअरचं असतं, १६ म्हणजे साडेतीन हजार वॉटच्या थोडं वर. दोन हजारचा हीटर चालू असताना घरची मोठी किटली लावली की वीज गुडुप. कमी वॉटची किटली घ्या, चहा दोन मिनिटं उशिरा होतो एवढंच.

तक्रार नाही असं नाही. सुट्टं टेबल कपाटाशेजारच्या खाचेत ठेवायचं असतं आणि ते काढताना दर वेळी कुणाच्या तरी नखाचा बळी जातो. दुपारी एकाला झोपायचं असेल आणि दुसऱ्याला टीव्ही बघायचा असेल तर दार बंद करायची सोय नाही, बाथरूममध्ये जाऊन बसणं सोडून. आणि छोटी असली तरी काही रस्ते बंदच, थर्स्ककडून हेल्म्सलीला जाताना सटन बँक लागतो, चारास एक चढ, तिथे कॅरॅव्हॅनला बंदी आहे. आंबा घाटात वाढलेल्या माणसाला ते टेकाड बघून हसू येतं, पण मागे टनभर खोली असली की हसू नये.

आणि पाहुणे? आले ना. जुलैत ताई आणि भाऊजी कोल्हापूरहून आले, त्यांना घेऊन यॉर्कशायर डेल्समध्ये ग्रासिंग्टनजवळ गेलो, एका शेतकऱ्याच्या पाच पिचच्या छोट्या साइटवर. त्यांच्यासाठी गावातल्या पबच्या वरची खोली बुक केली होती. ताईने आत पाऊल टाकलं, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाली, एवढंसंच? आम्ही झोपायचं कुठे? नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की सांगितलं नव्हतं का मी. मी पबचं सांगितलं, तिला ते फार पटलं नाही, जेवणात आडवा हात मारला मात्र तिने. जेवण झालं, बाहेर पाऊस भुरभुरायला लागला, मी ताटं गोळा करून वळले तर एका सोफ्यावर ताई पाय ताणून आडवी, दुसऱ्यावर भाऊजी, दोघंही गाढ, आणि भाऊजींचं घोरणं आमच्याकडच्यापेक्षा वरच्या पट्टीतलं. दोन तास कुणी हललं नाही. आम्ही दोघं बाहेर ऑनिंगमध्ये भांडी घासत.